त्रेचाळिसावा ओटा

“एक जास्त झालाय, सोनटक्के,” वर्तक मॅडम म्हणाल्या.

त्या टेबलावर ओणव्या होऊन पेन्सिलीच्या टोकानं ओटे मोजत होत्या. समोर कमानवेस चौक पसरला होता, शंभरास एक या मापानं केलेला, चार फूट लांब आणि तेवढाच रुंद. मधोमध जुनी दगडी कमान, तिच्याभोवती गोल बाग, घोसाळ्याच्या जाळीला हिरवा रंग देऊन केलेली झाडं आणि बागेच्या कडेनं फेरीवाल्यांचे ओटे. एकेक ओटा अठरा मिलिमीटर लांब, बारा रुंद. खरा बांधला की सहा फूट बाय चार फूट.

“बेचाळीस हवेत. हे त्रेचाळीस आहेत. फॉर्म बेचाळीसच आलेत ना?”

“हो, मॅडम.”

“मग हा कोणाचा?”

“चुकून कापला गेला.”

“तुमच्याकडून? चुकून?” त्या हसल्या. “नवलच म्हणायचं. काढून टाका तो, आणि बाकीचे जरा सरकवून अंतर सारखं करून घ्या.”

मी चिमट्यानं तो ओटा उचलला. फेव्हिकॉल ओलाच होता, सहज निघाला. तो केराच्या डब्यात टाकला आणि बाकीचे सरकवले. दहा मिनिटांचं काम. माझा हात थरथरला, डोळ्यांत पाणी आलं, असलं काही मी सांगणार नाही, कारण तसलं काही झालं नाही. काम संपवून मी चहा प्यालो.

या गोष्टीला आता तेहतीस वर्षं होतील. नगरपालिकेनं कमानवेस चौक नव्यानं बांधायचा ठरवला होता आणि ते काम वर्तक मॅडमच्या ऑफिसला मिळालं होतं. मी तेवीस वर्षांचा, पुण्याहून डिप्लोमा करून आलेला, त्यांच्याकडं मॉडेल करायला. नुसते नकाशे नगरसेवकांच्या डोक्यावरून जातात, पण मॉडेल ठेवलं की सगळे लहान मुलांसारखे भोवती गोळा होतात. त्यामुळं माझा भाव ऑफिसात बरा होता. काडेपेटीच्या काड्या तासून माणसं करायचो, वर मोहरीचा दाणा चिकटवला की डोकं. जाड पुठ्ठा एका ओढीत कापायचो, कड कुठं उसवायची नाही. मॅडम पाहुण्यांना मुद्दाम दाखवायच्या.

“हात कुठे तयार झाला तुमचा?” त्यांनी एकदा विचारलं.

“पुण्याला,” मी म्हणालो.

हे खोटं होतं. माझा हात तयार झाला आईजवळ, सुट्टीत, रापीनं कातडं कापता कापता. हात उचलायचा नाही आणि मधे श्वास सोडायचा नाही, हे तिनं शिकवलं. वडील कमानवेस चौकात चपला शिवायचे. मी सहा वर्षांचा असताना ते गेले, आणि दिवस-कार्य उरकल्यावर आई त्यांच्या जागेवर जाऊन बसली. बाईमाणूस चपला शिवतंय म्हणून सुरुवातीला लोक नुसते बघायला उभे राहायचे म्हणे. मला तिनं बार्शीला मामाकडं ठेवलं, पुढं होस्टेलला घातलं. चौकातल्या लोकांना ठाऊक होतं, गोदाबाईचा मुलगा शिकतोय कुठंतरी. तोंडानं ओळखणारा एकच, शेजारी बसणारा हमीदचाचा किल्लीवाला. तो आमच्या गल्लीतच राहायचा.

ऑफिसात पहिल्याच आठवड्यात हेडक्लार्क करमरकरांनी विचारलं, “सोनटक्के म्हणजे तुम्ही मूळचे कुठले? वडील काय करायचे?”

“पोस्टात होते,” मी म्हणून गेलो.

एकदा म्हटलं की निस्तरावं लागतं. वडील पोस्टात होते, आई गावाकडं असते, मी इथं खोली करून राहतो. आठ महिने मी हे सांभाळलं. चौकातून जायची वेळ आली की मागच्या गल्लीनं जायचो. लाज वाटायची. उगाच दुसरे शब्द कशाला शोधू? लाजच वाटायची.

आणि नेमका तोच चौक आमच्या ऑफिसकडं आला, आणि नेमका सर्व्हे माझ्याच गळ्यात पडला.

चौकात कोण बसतं, काय विकतं, किती वर्षं बसतं, हे लिहून घ्यायचं. ज्याचा फॉर्म त्याला ओटा. ज्याचा फॉर्म नाही, त्यानं काम सुरू झालं की पथारी उचलायची आणि पुन्हा चौकात बसायचं नाही, असं नगरपालिकेनं ठरवलेलं. म्हणजे आईची सतरा वर्षांची जागा एका कागदावर आली होती, आणि तो कागद भरणारा मी.

सर्व्हेच्या दिवशी बरोबर ड्राफ्ट्समन फणसळकर होते. ते टेप धरायचे, मी लिहायचो. ऊन रणरणत होतं. केळीवाला झाला, बांगडीवाली झाली, हमीदचाचा झाला. चाचानं माझ्याकडं बघून मिशीत हसून घेतलं, पण ओळख दाखवली नाही. मग आईची पाळी. ती सकाळी धुतलेलं लुगडं नेसून आली होती. पुढ्यातल्या चपला तिनं ओळीनं मांडल्या होत्या, शाळेत तपासणी असल्यासारख्या. तिनं मान वर करून माझ्याकडं पाहिलं.

“यांचा नंतर घेऊ. पुढं चला,” मी फणसळकरांना म्हणालो.

“का हो?”

“ऊन वाढतंय.”

फणसळकरांना तेच हवं होतं. आम्ही पुढं गेलो.

संध्याकाळी आईनं विचारलं, “माजा कागूद न्हाय भरला व्हय रं?”

“तुझा घरीच भरतो. तिथं घाई होते.”

“बरं. मला काय घोर? माजा ल्योकच हाय भरायला.”

हे वाक्य ती चौकातही कुणाकुणाला म्हणाली असणार. असो.

मी फॉर्म भरायला बसलो होतो, हे मात्र खरं. नाव, गोदाबाई विठ्ठल सोनटक्के. व्यवसाय, चप्पल-बूट दुरुस्ती. जागा, कमानीच्या पूर्वेस, किल्लीवाल्याशेजारी. मग खालचा रकाना आला. कुटुंबातील इतर व्यक्ती, त्यांचं नाव, वय, व्यवसाय, नोकरीचं ठिकाण. तिथं पेन अडलं. खरं लिहावं तर फॉर्म उद्या करमरकरांच्या हातात जाणार, तेच सगळे फॉर्म लावून घेत होते. आणि ‘कोणी नाही’ असं लिहावं, तर माझी आई निपुत्रिक झाली. तेही जिवावर आलं. मी फॉर्मची घडी केली आणि पिशवीत ठेवली. उद्या बघू म्हटलं.

आठवड्यानं आईनं विचारलं, “दिलास का रं?”

“दिला.”

झालं. यापुढं मी काही ठरवलं असं नाही. दिवस जात होते, मी पुठ्ठा कापत होतो. बेचाळीस फॉर्म गेले, बेचाळीस ओट्यांचा नकाशा आला. मी त्रेचाळीस कापले. नकाशावर नसला तरी मॉडेलवर दिसला की खपून जाईल, कोण मोजतंय, असं डोक्यात होतं. पण मॅडम मोजायच्या. त्यांचा तो स्वभाव होता, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती.

मॉडेल नगरवाचनालयाच्या हॉलमध्ये लोकांना बघायला ठेवलं. एकच दिवस, सकाळी दहा ते चार. कुणाची हरकत असेल तर त्याच दिवशी सांगायची, चार वाजता मॅडम यादीवर सही करणार आणि यादी बंद. मी मॉडेलजवळ उभा राहून समजावून सांगायचं, असं ठरलं होतं. करमरकर दाराशी यादी घेऊन बसले होते.

सकाळभर फेरीवाल्यांची झुंबड होती. जो तो आपला ओटा शोधायचा, बोट लावायला जायचा, मी “हात नको, हात नको” म्हणत राहायचो. केळीवाल्यानं तर बायकोला आणलं होतं. “हे बघ, इथं मी बसणार, आन् इथं तू सावलीला,” म्हणून तिला दाखवत होता. ती तोंडाला पदर लावून हसली. हॉलमध्ये लग्नघरासारखा गलका होता आणि मी त्यात खांबासारखा उभा. मला काहीच वाटत नव्हतं. आई येणार नाही, तिला कोण सांगतंय, अशी माझी समजूत होती.

अकराच्या सुमारास हमीदचाचा आला. त्यानं चष्मा पुसला, आपला ओटा शोधला, मग शेजारचे ओटे पाहिले.

“ये मेरा,” तो हळूच म्हणाला. “बाजूला बांगडीवाली दिसते. अन् गोदाआक्का कुठं हाय?”

“बघतो चाचा. जरा गर्दी आहे.”

“बघतो काय? तूच केलंस ना हे?”

“सांगतो म्हटलं ना नंतर.”

चाचानं माझ्याकडं नीट पाहिलं आणि निघून गेला. वेळ मारून नेली म्हणून मला बरं वाटलं.

दोन वाजता हॉल रिकामा झाला. माणसं आपापल्या धंद्यावर परतली होती. मॅडम खुर्चीवर बसून डबा खात होत्या. तेवढ्यात दारातून चाचा आत आला, आणि त्याच्यामागं आई.

तिनं दारात चपला काढल्या. दिवसभरात कुणीच काढल्या नव्हत्या. करमरकरांनी हातानंच ‘जा आत’ अशी खूण केली. ती थेट मॉडेलकडं आली, माझ्याकडं बघत. चेहऱ्यावर राग नव्हता. काहीतरी घोटाळा झालाय, लेकाला सांगितलं की निस्तरेल, एवढंच होतं. ती माझं नाव घेणार, हे मला तिच्या ओठांवरून कळलं.

मी मान खाली घातली आणि एक झाड नीट करू लागलो. नीटच होतं ते.

ती थांबली. मग मॅडमच उठून आल्या.

“या मावशी, बघा. काय शोधताय?”

आई माझ्याकडं वळली.

“साहेब,” ती मला म्हणाली, “किल्लीवाल्याच्या शेजारची जागा कुटं हाय वो?”

मला साहेब म्हणाली ती. मॅडमनीच विचारलं, “तिथं तुम्ही बसता का?”

“व्हय, बाई.”

“काय धंदा तुमचा?”

“चपला शिवते.”

“नाव काय?”

आईनं एकदा करमरकरांच्या हातातल्या यादीकडं पाहिलं, मग जमिनीकडं.

“गोदाबाई खरात,” ती म्हणाली.

खरात हे माझ्या मामांचं आडनाव. लग्न झाल्यापासून आईनं ते कधी लावलं नव्हतं. रेशनकार्डावर सोनटक्के, मतदार यादीत सोनटक्के, चौकातही सगळे सोनटक्केबाई म्हणायचे. तिनं माझ्या एका खाली घातलेल्या मानेवरून सगळं ओळखलं होतं, आणि उभ्या उभ्या स्वतःचं नाव बदललं होतं.

चाचानं चमकून तिच्याकडं पाहिलं.

“करमरकर, खरात आहे का कोणी?”

“नाही, मॅडम. ख वरून एकच, खटावकर, भेळवाले.”

मॅडमनी घड्याळ बघितलं. “सोनटक्के, सर्व्हे तुम्ही केलाय. राहून गेलं असेल तर आत्ता सांगा. एक ओटा वाढवायला मला पाच मिनिटं लागतात. उद्या वाढवायचा म्हटलं तर माझ्या हातात नाही. या बसतात का तिथं?”

“म्याडम, मैं सांगतो,” चाचा पुढं झाला. “ही बाई...”

“चाचा, तुमी गप ऱ्हावा,” आई म्हणाली. “साहेबास्नी सांगू द्या.”

आता इतक्या वर्षांनी विचार केला की दिसतं, तिनं माझी वाट किती मोकळी करून ठेवली होती. मी तिचा कोणी लागत नव्हतो. ती खरात, मी सोनटक्के. नुसतं ‘हो, राहून गेलं’ म्हटलं असतं तर कुणाला काही कळलं नसतं. पण त्या क्षणी माझ्या डोक्यात भलतंच आलं. हो म्हटलं की करमरकर लगेच फॉर्म काढणार. फॉर्मवर पत्ता लागतो. पुराव्याला रेशनकार्ड लागतं. त्यावर माझं नाव. एवढं सगळं क्षणात सुचलं, आणि बाकी काहीच सुचलं नाही.

“नाही,” मी म्हणालो. मग तिच्याकडं बघून म्हणालो, “मी तरी तुम्हाला तिथं पाहिलं नाही, मावशी.”

आवाज अगदी सरळ होता. फॉर्म भरताना लोकांशी बोलायचो तसाच.

“नक्की?” मॅडमनी विचारलं.

“नक्की.”

चाचानं तोंड फिरवलं. आई मात्र मॅडमकडं बघून म्हणाली, “साहेब न्हाय म्हंत्यात म्हंजी नसंल, बाई. माजंच कायतरी चुकलं आसंल.” मग ती मॉडेलवर थोडी वाकली. हात पाठीमागं धरले होते, धक्का लागू नये म्हणून. “लई झ्याक केलंय वो. कुणी केलं?”

“यांनीच. हात बघा किती साफ आहे यांचा.”

“दिसतंय की,” आई म्हणाली.

ती दारापर्यंत गेली, चपला घातल्या आणि गेली. चाचा तिच्यामागून गेला. चार वाजता मॅडमनी यादीवर सही केली. मी मॉडेलवर काचेची पेटी ठेवली आणि पेचकसानं चारही कोपरे आवळले.

चौक पुढच्या वर्षी बांधून झाला. फोटो वर्तमानपत्रात आले, मला पगारवाढ मिळाली. हमीदचाचानं आपल्या ओट्यावर आईला अर्धी जागा देऊ केली होती. ती बसली नाही. मार्केटयार्डाच्या मागच्या भिंतीशी बसायला लागली, तिथं गिऱ्हाईक कमी आणि सावली अजिबात नाही. अकरा वर्षं बसली. चाचा माझ्याशी मरेपर्यंत बोलला नाही. आई बोलायची, रोजच्यासारखं, मीठ आण, दिवा लाव, लग्नाचं बघ. तो विषय फक्त एकदा निघाला, त्याच दिवशी संध्याकाळी, आणि तोही मीच काढला.

मी घरी आलो तेव्हा ती भाकरी थापत होती. मी हातपाय धुतले, पिशवीतून फॉर्म काढला, घडी उलगडली आणि तिच्यासमोर बसलो. अजून काही बिघडलेलं नाही असं मला वाटत होतं. मॅडम भल्या बाई होत्या. त्यांना सकाळी गाठून सगळं सांगितलं असतं तर त्यांनी काहीतरी मार्ग काढलाही असता.

“आई, मी हा भरतो. सोनटक्के नावानंच भरतो. उद्या मॅडमना सांगतो, काय खरं ते.”

तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं.

“आता कशाला?” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“चार मान्सांत न्हाय म्हनलास तू. आता भरलास तर खोटा पडशील. नोकरी जाईल.” तिनं भाकरी उलटली. “ठिव त्यो कागूद.”

मला वाटलं होतं ती रडेल. दोन तोंडात देईल, बापाचं नाव काढेल, इतकी वर्षं याच्यासाठी हाडं झिजवली का म्हणून विचारेल. ती विचारेल आणि मग मला काहीतरी वाटेल, याची मी वाट बघत होतो. ती भाकरी शेकत राहिली.

मी फॉर्मची पुन्हा घडी केली. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. सकाळी उठून कुणाला काही सांगायला नको, करमरकरांच्या तोंडाकडं बघायला नको. हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. इतकं हायसं वाटलं की मला एकदम सपाटून भूक लागली.

तिनं ताट वाढलं. वांग्याची भाजी होती. मी खाली मान घालून दोन भाकरी खाल्ल्या.

“आनिक एक घालू का?” आईनं विचारलं.

“हो,” मी म्हणालो.